साक्ष देणारी विहीर

विहीर पुन्हा बोलू लागली, तेव्हा नोव्हा लिपा वस्तीतील झाडून सारी माणसे सभागृहाच्या अंगणात बर्फावर गुडघे टेकून बसली होती. अमेरिकेतील नेब्रास्काच्या त्या उघड्या माळावर ऐन हिवाळ्यात त्या दिवशी अवेळी ऊब पसरली होती. दक्षिणेकडून ओलसर वारा येत होता, छपरांवरून पाणी ठिबकत होते आणि वायव्येच्या क्षितिजावर काळ्यानिळ्या मेघांची एक पट्टी स्थिरावली होती. तबेल्यातील घोडे उगाच खूर आपटत होते. आणि पायांखालच्या भूमीतून एक बारीक, अखंड शीळ उमटत होती. जणू मातीखाली पुरलेले कोणी दातांमधून श्वास सोडत असावे.

"ऐका!" फिरता उपदेशक बंधू प्रोकोप याने दोन्ही हात उंचावले. "मी बोलत नाही हो, भूमीचं पोट बोलतंय! गाभण गाय जगेल का? विचारा. मुलगी कुणाला द्यावी? विचारा. पुस्तकात नाही ते इथं आहे, शाळेत नाही ते इथं आहे, आणि डॉक्टरच्या पेटीत तर काहीच नाही! आज आपला प्रश्न एकच. आपल्या घरांत मरण कुणी आणलं?"

तो एकेक नाव उच्चारू लागला. पहिली नावे त्याने एका दमात, शीळ झाकून जाईल इतका आवाज चढवून म्हटली. मग तो थांबला, स्वर उतरवला आणि म्हणाला, "लिबुशे."

त्या शांततेत शीळ स्पष्ट ऐकू आली. वास्तविक ती त्या नावाआधीही वाजत होती आणि नंतरही वाजत राहिली. पण माणसाने एकदा कान एका उत्तरासाठी लावले, म्हणजे त्याला तेवढेच ऐकू येते.

लिबुशे आमच्या वस्तीची सुईण. अंगणात बसलेल्यांपैकी निम्म्यांना या जगात तिच्याच हातांनी आणले होते. त्या हिवाळ्यात घटसर्पाने मुले दगावू लागली, तेव्हा तीच प्रथम दारोदार जाऊन सांगू लागली, "हे माझ्या काढ्याचं काम नाही. रेल्वेच्या गावाला डॉक्टर आहे, त्याच्याकडे या रोगाचं विष उतरवणारी नवी लस आहे, त्याला आणा." आणि ज्या घरांत आजारी मूल होते, त्या घरांत साहजिकच ती गेली होती. प्रोकोपला एवढेच पुरले. "ती जाते तिथं मरण जातं," असे त्याने एकदा म्हटले, आणि मग ते सारे गाव म्हणू लागले.

आमच्याकडील विहिरी खोल खणलेल्या, लोखंडी नळाच्या. हिवाळ्यात पंप गोठू नये म्हणून नळाच्या तोंडाभोवती दीड पुरुष खोल खड्डा करून तो वरून फळ्यांनी झाकण्याची आमची रीत आहे. सभागृहाच्या विहिरीलाही असाच खड्डा होता. प्रोकोप आमच्यात आला तो शरद ऋतूत. त्याने खड्ड्यातील नळाच्या तोंडावर कथिलाची शिट्टी बसवली. देवाची वाणी म्हाताऱ्यांनाही नीट ऐकू यावी, हा हेतू. मग त्याने जाहीर केले की, ज्याच्यावर आरोप असेल त्याने कंदील घेऊन खड्ड्यात उतरावे. दोषी असेल तर दिवा विझेल आणि भूमी त्याचा श्वास ओढून घेईल. निर्दोष असेल तर तो गात वर येईल.

आणि तसेच घडले, हेच तर भय होते. पंचांपैकी एक धनिक गृहस्थ उतरला, आणि खरोखरच स्तोत्र गात वर आला. पुढे खोगिरांची खोली जळाली, तिचा आळ व्हेंडेलिन नावाच्या तरुणावर आला. तो हसत हसत उतरला. त्याचा दिवा विझला, आणि दोराने वर ओढला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. त्याच्या सख्ख्या भावाने, फ्लोरियनने, त्याला स्मशानाच्या कुंपणाबाहेर पुरले. आईलाही रडू दिले नाही.

या साऱ्यांत एक व्यक्ती गप्प होती. ती म्हणजे आमच्या शाळेच्या शिक्षिका ओटिलीबाई. त्यांची एक सुंदर रीत होती. दर शनिवारी मुलांनी मनास येईल तो प्रश्न विचारावा. हंस बाणासारखी रांग धरून का उडतात? बर्फ पाण्यावर का तरंगतो? मेंढ्यांना मीठ का आवडते? ठाऊक असे ते त्या सांगत. एका मुलीने विचारले, "बाई, विहीर कधी शीळ घालते, कधी गप्प बसते, ते का?" तेव्हा त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. बघावं लागेल." गावात यावर मोठा हशा झाला. प्रोकोपला एका क्षणात येणारे उत्तर शिकलेल्या बाईंना येऊ नये!

आज त्या बाई एका हातात टोपली आणि दुसऱ्या हातात कंदील घेऊन गर्दीतून पुढे आल्या. टोपलीत एक तांबडी कोंबडी होती.

लिबुशे खड्ड्याच्या तोंडाशी उभी होती. फ्लोरियन तिच्या कमरेला दोर बांधत होता. त्याच्या स्वतःच्या घरी धाकटी मुलगी घशाने घरघरत पडली होती, आणि त्याच्या डोळ्यांत दयेचा लवलेश नव्हता.

"घट्ट बांध रे बाबा," लिबुशे त्याला म्हणाली. "तुझी नाळसुद्धा मी याहून घट्ट बांधली होती."

"बोलू नकोस."

"बोलते. तुझ्या पोरीला डॉक्टर आण. मला खाली सोडल्यावर आण, पण आण."

"थांबा," ओटिलीबाई म्हणाल्या. "मावशींच्या आधी ही खाली जाईल."

मग कोणीतरी खिदळले.

"बाई, तिच्यावर आळ कसला? अंडी चोरल्याचा?"

"आपलीच अंडी कोण चोरतंय?" दुसरा म्हणाला.

प्रोकोपही हसला, पण त्याची नजर वायव्येकडे गेली. ती काळी पट्टी आता अर्धे आकाश व्यापत होती. "पवित्र जागी थट्टा नको, बाई. घटका भरत आली आहे."

"घटका कसली? एवढी घाई का?" असे म्हणून बाईंनी फळी बाजूला सारली, कंदील टोपलीच्या कडीला अडकवला आणि दोरीने टोपली खाली सोडली.

सारे वाकून पाहू लागले. अर्ध्यावर ज्योत पिवळी झाली, मग तांबूस, मग ती काजळीचा एक धागा सोडून विझली. खाली थोडी फडफड ऐकू आली. मग काहीच नाही. शीळ मात्र थांबलेली नव्हती. बाईंनी टोपली वर ओढली. कोंबडीची मान कडेवरून लोंबत होती.

आता कोणी हसले नाही.

"हिनं कुणाच्या घरी मरण आणलं होतं?" बाईंनी विचारले.

"सैतान! सैतानाची करणी!" प्रोकोप ओरडला. "या बाईनं जागा विटाळली! आता त्या सुईणीला—"

"मग तू उतर." हे शब्द फ्लोरियनचे होते. त्याने लिबुशेचा दोर सोडला होता आणि तो प्रोकोपकडे चालत निघाला होता. "तू तर निष्पाप आहेस ना? उतर."

"मला तशी आज्ञा नाही, बाबा रे—"

फ्लोरियनने त्याची गळपट्टी धरून त्याला खड्ड्याच्या कडेशी ओढले. त्या ओढाताणीत प्रोकोपच्या अंगरख्यातून एक गोल पितळी वस्तू निसटून बर्फावर पडली. तिच्यावर काच होती, आत आकडे आणि एक काटा. प्रोकोपच्या टाचा मातीत घसरू लागल्या. जमाव पुढे सरकला, आणि त्या जमावाचा चेहरा मघापेक्षा जराही निराळा नव्हता. मघा त्याला सुईण हवी होती, आता हा हवा होता.

"सोड त्याला, फ्लोरियन!" ओटिलीबाई दोघांच्या मध्ये शिरल्या. "खाली कुणीही जायचं नाही. तिथं जो मरेल तो हवेनं मरेल. त्यानं हा खोटा ठरत नाही आणि मावशी खऱ्या ठरत नाहीत. चला, माझ्याबरोबर शाळेच्या विहिरीवर चला."

शाळा हाकेच्या अंतरावर होती. तिथल्या विहिरीचा नळ जमिनीच्या वर आलेला होता, आणि त्याच्या तोंडावर बाईंनी डुकराचे मूत्राशय घट्ट बांधले होते. हिवाळ्यात डुकरे कापल्यावर मुले ज्याचा फुगा करून खेळतात, तेच. ते आता भोपळ्यासारखे टरारून फुगले होते. कोणी फुंकणारे तर तिथे नव्हते.

"हे मी बरेच आठवडे पाहते आहे," बाई म्हणाल्या. "आपल्या मातीच्या जाड थराखाली कोरडी रेताड जमीन आहे. तिच्यात हवा कोंडलेली आहे, आणि तिला बाहेर यायला वाट फक्त या नळांची. वादळ यायचं असलं की वरच्या हवेचा दाब उतरतो. मग खालची हवा नळातून वर येते. शीळ वाजते ती तिचीच. ती हवा जमिनीत राहून राहून निःसत्त्व झालेली असते. दिवा तिच्यात जळत नाही, जीव जगत नाही. ती खड्ड्यात साचते. वादळ सरलं की दाब चढतो, विहीर वरची ताजी हवा आत ओढते, आणि खड्डा स्वच्छ होतो." त्यांनी ती पितळी वस्तू उचलून सर्वांना दाखवली. "हा बॅरोमीटर, हवेचा दाब मोजणारा. शाळेत आहे तसाच. वादळ जवळ आलं की याचा काटा उतरतो. ज्याला वाचवायचं, त्याला प्रोकोपनं वादळानंतरच्या दिवशी उतरवलं. ज्याला बुडवायचं, त्याला आधीच्या. तुम्ही माझ्यावरही विश्वास ठेवू नका. वादळ ओसरल्यावर इथंच या, आणि स्वतः बघा."

त्यांचे वाक्य संपते न संपते तोच वारा एकाएकी पडला, मग उत्तरेकडून असा आदळला की, शाळेचे दार बिजागरीवरून निखळले. हिमाने दिशा पुसल्या. जो तो धावत घराकडे पळाला. लिबुशेचे घर वस्तीच्या टोकाला, आणि तिला वाटेत कोणी आत घेईना. तेव्हा फ्लोरियनने तिला हाताला धरून आपल्या घरी नेले.

वादळ ओसरले तेव्हा आकाश निर्मळ निळे होते आणि थंडी हाडे फोडणारी. लोक आले. ते मूत्राशय आता नळाच्या आत ओढले गेले होते, म्हाताऱ्याच्या बसलेल्या गालासारखे. सभागृहाच्या विहिरीत शीळ नव्हती. कंदील आणि दुसरी कोंबडी खाली सोडली. दिवा तळापर्यंत जळत राहिला, आणि कोंबडी वर आली ती कलकलाट करीत, थंडीवर रागावून. गाव तेच होते, गावाची पापेही तीच होती. पालटला होता तो केवळ हवेचा दाब.

"म्हणजे व्हेंडेलिन..." फ्लोरियन म्हणाला.

"त्यानं आग लावली की नाही, ते मला ठाऊक नाही," ओटिलीबाई हळूच म्हणाल्या. "विहिरीलाही कधी ठाऊक नव्हतं."

तो बर्फात खाली बसला. मग उठून त्याने घोडे जुंपले आणि तो डॉक्टरला आणायला गेला. लस आली. त्याची मुलगी वाचली. ज्या मुलांना उशीर झाला होता, ती वाचली नाहीत.

प्रोकोप वादळातच निसटला होता. त्याच्या घसरगाडीच्या खुणा पश्चिमेच्या वस्तीकडे गेलेल्या सापडल्या. त्या वस्तीतही विहिरी आहेत, आणि त्यांच्याभोवतीही खड्डे आहेत.

पुढच्या रविवारी पंचमंडळी लिबुशेकडे क्षमा मागायला गेली, तेव्हा मी त्यांच्याबरोबर होतो. त्यांनी तिला निष्पाप म्हटले, देवाने राखलेली म्हटले. तिने हातातले विणकाम खाली ठेवले.

"मला कुणी राखलं नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी वादळ लवकर येऊन गेलं असतं, तर मी खड्ड्यातून गात वर आले असते. मग तुम्ही मला संतीण करून पुजलं असतं, आणि उद्या माझ्या शब्दावर दुसऱ्या कुणाला खाली सोडलं असतं. तेही इतकंच खोटं असतं. तो खड्डा बुजवा. मग आत या, बाहेर गारठा आहे."

खड्डा बुजवला. आज मी वयाने पिकलो आहे, आणि ईश्वराविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो रतीभरही उणावलेला नाही. म्हणूनच सांगतो: सृष्टीचे नियम ही त्याचीच वाणी मानावयाची असेल, तर ती ऐकावयास गुडघे टेकण्याची नव्हे, डोळे उघडण्याची गरज आहे. कोणी तुमच्यापुढे चमत्कार मांडला, तर तो आज घडतो तसा उद्या घडतो का, हे पाहा. चमत्कार करणाऱ्याच्या गैरहजेरीत घडतो का, हे पाहा. आणि त्या पडताळणीला जो घाई आहे म्हणून नकार देईल, त्याच्या हाती कोणाच्याही कमरेचा दोर देऊ नका.