बापूरावांचा जबडा

आमच्या धंद्यात मेलेलं जनावर पुरतात आणि हाडं सुटी झाली की उकरून काढतात. उत्खननात सापडलेलं हाड ओळखायचं, तर शेजारी ठेवायला ओळखीचं हाड लागतं. येरवड्याच्या आमच्या प्रयोगशाळेमागची बाग त्यासाठीच आहे. गुलाब बरे येतात तिथे.

बापूराव गेले तेव्हा मीच त्यांना जाळीच्या पिशवीत घालून तिथे पुरलं. बापूराव म्हणजे माझा कुत्रा. कोथरूडच्या सोसायटीत मी "अहो, जेवायला या" अशी हाक मारायचे. वरच्या मजल्यावरच्या विमलाबाईंना बरीच वर्षं वाटत होतं, की ललिताबाईंचे यजमान आहेत, फक्त दिसत नाहीत. मीही खुलासा केला नाही. काय घाई होती?

ते गेल्यापासून दुपारचा डबा मी बागेत, त्यांच्याशेजारी बसून खाते. मुलं म्हणतात, मॅडम उन्हाला बसतात. म्हणेनात का.

यंदा माझी विद्यार्थिनी सृष्टी एक जबडा घेऊन आली. नदीकाठच्या, काही हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीतला, कुत्र्याचा. दाढा नाहीत आणि दाढांच्या जागा हाडानं बुजलेल्या. तिचं म्हणणं असं, की दाढा पडल्यावरही हा बराच जगला, म्हणजे कुणीतरी मऊ करून खायला घालत होतं. पाळलेला होता. पण परीक्षक विचारणारच, कशावरून?

"मॅडम, दात पडलेला, माणसानं सांभाळलेला म्हातारा कुत्रा आपल्या संग्रहात एकही नाही," ती म्हणाली. खिडकीतून बागेकडे बघायचं तिनं कसोशीनं टाळलं. हुशार पोरगी. डोक्यातच गेली माझ्या.

"पुढच्या महिन्यात बघू," मी म्हटलं. पुढच्या महिन्यातही तेच म्हटलं. हाडं केव्हाच सुटी झाली असणार, हे मला कळत नव्हतं थोडंच? पण बापूराव एकदा संग्रहाच्या खोक्यात गेले, की मी डबा कुणाशेजारी बसून खायचा? मला ते सोसवेना. इकडे तिचा प्रबंध अडला होता. असल्या कारणासाठी दुसऱ्या कुणी अडवला असता, तर मी त्याची सालटी काढली असती.

शेवटी एका सकाळी मीच खुरपं घेतलं.

हाडं धुऊन, वाळवून आम्ही दोन्ही जबडे टेबलावर शेजारी ठेवले. बापूरावांच्याही दाढांच्या जागा तशाच बुजलेल्या. इतकी वर्षं दूधपोळी कुस्करून घातली, ती तिथं दिसत होती. मी त्यांचा जबडा उचलला तो खाली ठेवीचना, तेव्हा सृष्टीनं तो हळूच काढून घेतला.

"म्हणजे हा पाळलेलाच, मॅडम," ती म्हणाली. फार खूश होती. मग जुन्या जबड्यावरून बोट फिरवत तिनं विचारलं, "कोण असेल हो, एवढं रोज कुस्करून घालणारं?"

"असेल कुणीतरी. घरात जेवायला दुसरं कुणी नसेल."

ती हसली. मॅडमचा नेहमीचा टोमणा वाटला तिला. मीही हसले, आणि बापूरावांच्या हाडांवर नंबर घालायला घेतले.