चाळीस कोरड्या उड्या

मी एक जुनी उड्या मारायची दोरी आहे. कारखान्यात मला पीळ भरला, शाळेच्या मैदानावर तो उतरला. मूठ तडकल्यावर माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला उचललं आणि बाळंतिणी तपासायच्या खोलीत टांगलं. शेजारी कमरेच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा असतो. सगळं उघडं टाकून बसलाय, पण स्वभावानं भारी लाजाळू.

मित्रांनो, बाळ जन्मलं की सगळे त्याचं वजन विचारतात. त्याचा भार नऊ महिने पेलणाऱ्या, आईच्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची चौकशी कोणी करत नाही. मॅडम करतात.

त्या दिवशी अग्निशमन दलातली बाई आली. बाळ पाच महिन्यांचं, सासूबाईंच्या मांडीवर. सोमवारी तिची कामावर परतायची चाचणी होती: सलग चाळीस उड्या. नापास झाली तर बंबाऐवजी फोनचं टेबल! दोन महिन्यांच्या व्यायामानं स्नायूंत जोर आला होता; तरी सातव्या उडीला लघवी सुटून कपडे ओले व्हायचेच.

"माझी तीन बाळंतपणं झाली," सासूबाई म्हणाल्या. "मी कुठे गेले होते उड्या मारायला?"

तिनं मला फिरवलं. सातव्या उडीला थांबली. "झालं!"

मॅडम तिच्या तोंडाकडे बघत होत्या. "श्वास कुठे ठेवलात?"

"रोखलाय. धुरात शिरताना रोखतोच ना?"

"इथे धूर कुठाय? रोखला की सगळा दाब खाली जातो. मोठ्यानं मोजत उड्या मारा, म्हणजे श्वास सुटेल. आणि भुवया सैल सोडा, त्या बाळंत झालेल्या नाहीत."

"एक! दोन!" सात आला, सात गेला! मी हवेत शिट्ट्या मारू लागले. तिसापासून सासूबाईही ओरडून मोजू लागल्या. बाळ रडायचं विसरलं.

"चाळीस! अहो आई, कोरडीठाक!"

सासूबाई खदखदून हसल्या आणि हसता हसता चटकन पाय आवळून बसल्या.

"तीस वर्षं झाली," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, आई झाल्यावर असंच असतं."

"असतं पुष्कळ जणींना. पण सोसत बसायचं नसतं, काकू," मॅडम म्हणाल्या. "मंगळवारी या."

"बाळाला कोण बघेल?" सुनेनं विचारलं.

"तुझे सासरे! त्यांचे स्नायू शाबूत आहेत."

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी शिंकताना पाय आवळत असेल, तर हसू नका. तिला अशा मॅडमकडे घेऊन जा. आणि ती आत असेपर्यंत बाहेर बाळ सांभाळा.