फुलवंताची खाट जंगलात गेली

मी एक खाट बोलते आहे. पलंग नव्हे, दिवाण नव्हे, साधी खाट. चार पाय, चार दांड्या आणि मधे अंबाडीच्या दोरीची वीण. खाट एका जागी पडून राहते असं तुम्हाला वाटत असेल. पण मी एका संध्याकाळी जंगलात गेले, परत आले आणि पुन्हा गेले. ते कसं घडलं ते सांगते. सावकाश सांगते, मला घाईची सवय नाही.

नवेगाव बांधचा मोठा तलाव तुम्ही पाहिला असेल. त्याच्या पलीकडे जंगलाला टेकून आमचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, आहे. तिथल्या बिसरामने मला आपल्या हाताने केलं. शेताच्या बांधावरचं बिजाचं, म्हणजे बिबळ्याचं, झाड वादळात पडलं, त्याचे माझे पाय झाले. दोरी त्याच्या आईने वळली. लग्न ठरलं तेव्हा बिसरामजवळ घरात ठेवण्यासारखी एकच वस्तू होती, ती मी. मग फुलवंता आली. बिसराम मुळातच कमी बोलणारा. फुलवंता आल्यावर त्याला तेवढंही बोलायचं कारण उरलं नाही.

माझ्यावर बसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. बसा म्हटलं की माणूस आधी काठावर टेकतो आणि म्हणतो, निघतोच आहे. थोड्या वेळाने तो आत सरकतो. मग एक पाय वर घेतो. दोन्ही पाय वर आले की फुलवंता समजायची, याचा भात टाकावा लागणार.

त्या घरात खाट अशी मी एकटीच. पाहुणा आला की मी पाहुण्याची. पाहुणा भुईवर झोपला तर घराची मान खाली जाते, ही टोल्याची रीत. एकदा घरात लग्न होतं. पाहुण्यांना मला दिलं आणि घरची सगळी भुईवर निजली. त्यांत फुलवंताची लेक चंचल होती, सहा-सात वर्षांची. त्या रात्री मण्यार आली. मण्यार चावली तरी झोपलेल्याला कळत नाही. सकाळी सगळे उठले, चंचल उठली नाही.

तेव्हापासून फुलवंताने भुईशी वैर धरलं. शेळीची पिल्लं टोपलीत आणि टोपली फळीवर. बिसराम दुपारी झाडाखाली लवंडला की त्याला दंडाला धरून उठवायची. कोंबडीने कोपऱ्यात भुईवर अंडं घातलं तर त्या कोंबडीचे आईबाप निघायचे. टोल्यातली माणसं हसत, पण तिच्या पाठीमागे.

दोन हजार आठ साली, दिवाळी आटोपल्यावर, टोल्यात गोरी पोरं आली. वेल्स नावाचा देश आहे म्हणे, तिथल्या एका शाळेची ती सहल. आपल्या शाळेची सहल तलाव पाहते, चिवडा खाते आणि संध्याकाळी घरी येते. यांची सहल सात समुद्र ओलांडून आली होती, आणि तीही पैसे भरून कामं करायला. शाळेच्या भिंती रंगवायच्या, मग पहाडी चढायची, मग जंगलात एक मुक्काम करायचा, की पदक मिळायचं. बरोबर त्यांचे प्राइस सर होते, उंच आणि उन्हाने पिकल्या टमाट्यासारखे लाल झालेले. बोलणं समजावायला गोंदियाहून दुलीचंद आला होता. दुलीचंद शब्दांचा मोठा काटकसरी. सर पाच वाक्यं बोलले की हा एक बोलायचा. फुलवंता दहा वाक्यं बोलली तरी सरांना एवढंच सांगायचा की बाई वेलकम म्हणते आहे.

पाहुण्याच्या हाती काम दिसलं की टोल्याच्या जिवाला लागतं. पोरांनी ब्रश उचलला की कोणीतरी तो काढून घ्यायचं. घमेलं उचललं की दोन बायका धावायच्या. सर शिडीवर चढले, तर चार माणसांनी त्यांना अलगद उतरवून खुर्चीवर बसवलं आणि चहा दिला. शाळा रंगली, पण ती टोल्याने रंगवली. पोरं नुसती चहा पिऊन बेजार झाली. शेवटी सरांनी हात जोडले, तेव्हा मागची एक भिंत त्यांच्यासाठी सोडली. तिच्यावर त्यांनी वाघ काढला. आमची पोरं अजूनही त्याच्यासमोरून जाताना म्याव करतात.

एकेका घरी एकेक पोर उतरलं होतं. आमच्या घरी मेगन आली. सोळा वर्षांची असेल. ती माझ्यावर झोपायची. फुलवंता तिच्या केसांना तेल लावायची आणि आपल्या बोलीत बोलायची. ती तिच्या बोलीत उत्तर द्यायची. दोघींचं कुठे अडलं असं मला तरी दिसलं नाही.

मग जंगलाचा दिवस आला. सरांचा नियम कडक होता. ज्याने जे स्वतः वाहून नेलं असेल त्यावरच त्याने झोपायचं. गावाची मदत घेतली की पदक गेलं. पोरांनी पाठीवर पोत्यांएवढ्या पिशव्या बांधल्या आणि मंगरूच्या मागे निघाली. मंगरू वनमजूर, जंगलातला जुना माणूस. लोकांच्या लेकरांना अस्वलाच्या वाटेला कायले न्यायचं, असा त्याने विचार केला. दिवसभर त्याने त्यांना पहाडीभोवती फिरवलं आणि दिवस कलताना आमच्याच शेतांमागच्या नाल्यावर आणून बसवलं. आपण घनदाट अरण्यात पोचलो म्हणून पोरं खूश झाली. टोल्यापासून ती जागा अर्धा कोस. वारं बरं असलं तर तिथून फुलवंताचा कोंबडा ऐकू येतो.

दुलीचंदच्या पायाला फोड आले होते, म्हणून तो टोल्यातच थांबला होता. माझ्यावर बसून चहा पिता पिता तो सहज म्हणाला, "आज बच्चे जमीन पे सोएंगे, अम्मा. यही तो मजा है."

फुलवंताने चहाची कपबशी त्याच्या हातातून परत घेतली. दुलीचंदला उठवलं. बिसरामला म्हणाली, "उठा जी. खाट घ्या डोईवर."

बिसरामने मला डोईवर घेतलं.

आता आमच्याकडची एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. दवाखाना लांब आणि वाट अरुंद, म्हणून आमच्याकडे आजारी माणूस खाटेवर घालून नेतात. रिकामी खाट घाईघाईने जंगलाकडे निघाली तर त्याचा अर्थ एकच. आत कोणीतरी पडलं आहे आणि त्याला आणायला चालले आहेत.

उशिरा पिकणाऱ्या भारी धानाची कापणी चालू होती. बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या खाचरांतून, माणसं वाकलेली होती. शेजारच्या रुख्माने मान वर केली आणि मला पाहिलं.

"कोन पडलं वो?"

"पोरगी," फुलवंता चालता चालता म्हणाली.

"कोनाची?"

"माही."

फुलवंताला पोरगी उरली नाही, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणजे ती गोरी. मग काय विचारता. बांधीमागून बांधी रिकामी झाली. विळे टाकायचं भान कुणाला नव्हतं, ते हातातच राहिले. एकाने हुंगवायला कांदा घेतला. एक मोटारसायकल आणायला पळाला. जडीबुटीवाला कवडू धोतराच्या सोग्यात मुळ्या घेऊन धावला. एका म्हातारीने वाटेतच रडायला सुरुवात केली. मागाहून घाई नको म्हणून असेल.

तिकडे नाल्यावर पोरं ओली लाकडं पेटवत होती. त्यांना काय दिसलं असेल? पन्नासेक माणसं, हातात विळे, पुढे एक खाट आणि मागे रडणारी बाई. प्राइस सर हात पसरून पोरांच्या पुढे उभे राहिले. हातात भाजी ढवळायचा डाव होता. कवडूने सगळ्यांवर नजर फिरवली आणि सर्वांत लाल माणूस निवडला. विष चढलं की माणूस असाच लाल होतो, असं त्याचं मत. दोघांनी सरांना धरलं आणि कवडूने मुळी त्यांच्या तोंडात घातली. फार कडू असते ती.

दुलीचंद लंगडत पोचला तोवर सर नाल्यावर चूळ भरत होते. कोणाला काही चावलं नाही हे कळलं तेव्हा माणसं हसली. काही फुलवंतावर चिडली, की आमची कापणी काऊन मोडली? रडणारी म्हातारी सर्वांत जास्त रागावली.

सर आले. भले माणूस होते, पण नियमाचे पक्के. ते बराच वेळ बोलले. दुलीचंद म्हणाला, "खाट वापस ले जाओ, अम्मा. नहीं तो बच्ची का मेडल जाएगा."

फुलवंताने माझा पाय धरला होता. तिचा हात मला कळत होता.

"त्याले सांग," ती म्हणाली, "माही चंचल अशीच भुईवर निजली होती. खाट पाहुण्याले देली होती. मण्यार चावली तं कोनाले समजलं नाई. सकाळी उठवाले गेलो तं अंग थंड. हे पुरं सांग त्याले. कमी नको करू."

दुलीचंदने कमी केलं नाही. एकेक वाक्य थांबून थांबून सांगितलं, आणि मधे एकदा त्यालाच पाणी प्यावं लागलं. पोरं गवताकडे पाहू लागली. सरांनी डोक्यावरची टोपी काढली.

मग मेगन पुढे आली. तिने सरांना एकच विचारलं. जे आपण वाहून आणू त्यावर झोपायचं, असाच नियम आहे ना? सर हो म्हणाले. मग ही खाट मी टोल्यातून वाहून आणते, ती म्हणाली. सरांनी विचार केला आणि मान हलवली.

आता फुलवंता अडली. पाहुणीच्या डोक्यावर ओझं? खाट, आणि तीही भर गावासमोर? ती माझा पाय सोडेना. मेगन एका बाजूने ओढत होती, फुलवंता दुसऱ्या बाजूने. मी मधे.

तेव्हा बिसराम बोलला. "पाहुनी कोठची? तूच तं वाटेनं सांगत आली, माही पोरगी म्हनून."

फुलवंताने त्याच्याकडे पाहिलं, मेगनकडे पाहिलं. मग माझा पाय सोडला. पदराच्या टोकाची चुंबळ केली आणि मेगनच्या डोक्यावर ठेवली.

बिसरामने मला टोल्यातल्या शाळेपर्यंत परत नेलं, मागे सगळी वरात. शेतात जे उरले होते त्यांनी रिकामी खाट रिकामीच परत जाताना पाहिली आणि पोरगी उरलीच नाही असं समजून हात जोडले. थोड्या वेळाने तीच खाट गोऱ्या पोरीच्या डोक्यावर पुन्हा जंगलाकडे निघाली, तेव्हा त्यांनी विचार करणंच सोडलं. मेगन दोनदा चिखलात बसली. प्रत्येक वेळी फुलवंताचे हात पुढे आले आणि तिने ते स्वतःच मागे घेतले. मागून बाकीची पोरंही आपापल्या घरच्या खाटा घेऊन आली. शेवटी सर आले. त्यांच्या डोक्यावर मंगरूची खाट होती. मंगरू बुटका आहे. त्या खाटेवर सर निजले तेव्हा गुडघ्याखालचे सर बाहेरच राहिले.

अंधार पडत होता. फुलवंता घरी निघाली. मेगनने दुलीचंदला विचारायला लावलं, खाट तर इथे आहे, मग तुम्ही कशावर झोपाल?

फुलवंताने नुसतं भुईकडे बोट दाखवलं. बाकीचं मी सांगते. चंचल गेली त्या दिवसापासून ती माझ्यावर कधी निजली नव्हती. साऱ्या जगाला भुईवरून उठवणारी बाई रोज भुईवर निजायची, चंचल निजली होती त्याच जागी. बिसराम रोज माझी अर्धी जागा सोडून एका कडेला झोपायचा. त्याने कधी बोलावलं नाही, आणि कडही कधी सोडली नाही.

दुलीचंदने मेगनला किती सांगितलं ते मला कळलं नाही. मेगन माझ्या एका कडेला सरकली आणि दोरीवर हात ठेवून म्हणाली, "ये, माय."

फुलवंता आधी काठावर टेकली. मग एक पाय वर घेतला. मग दुसरा.

मेगन पदक घेऊन गेली. त्याला आता बरीच वर्षं झाली. मी म्हातारी झाले, माझी माणसंही झाली. घरकुल आलं, सिमेंटची फरशी आली. बिसरामचा पुतण्या रूपेश परवा सांगत होता की आमगावहून लोखंडी पलंग आणतो, दोघांना दोन, ऐसपैस निजा. नाहीतर निदान हिची दोरी तरी ताणून देतो म्हणाला, मधे फार खचली आहे.

बाबा रूपेश, तुझं मन चांगलं आहे. पण म्हातारीचं एक ऐक. पलंग आणू नको, आणि दोरीला हात लावू नको. मी मधे खचले आहे म्हणून ही दोघं कितीही दूर निजली तरी पहाटेपर्यंत घसरत घसरत मधे येतात, आणि मग तू सरक, तुम्ही सरका म्हणून भांडतात. मला तेवढं भांडण रोज ऐकू दे.