सत्तर वजा करा

मित्रांनो, तुम्ही मला कधीतरी पाहिलं असेल, पण माझ्याकडे लक्ष दिलं नसेल. मी पलंगाखाली पडून असलेला एक जुना वजनकाटा. माणसांनी वर उभं राहायचं, तसला. वर रबराची चटई, आत स्प्रिंगा, काचेखाली आकड्यांची गोल तबकडी आणि तिच्यावर फिरणारा एक लाल काटा. माझा स्वभाव जरा तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. मला कोणी खोटारडा म्हटलेलं खपत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एक तपासनीस बाई होत्या. त्या आम्हा प्रत्येकावर लोखंडी वजनं ठेवून बघायच्या. माझ्या आधीचे दोघे अर्ध्या किलोने चुकले आणि त्यांना पुन्हा खोलून घ्यावं लागलं. मी मात्र पहिल्याच फटक्यात पास झालो. बाई म्हणाल्या, "हा बरा आहे." बस, एवढंच. पण तेवढ्यावर मी अजून भाव खातो.

दुकानाच्या फळीवर मी धूळ खात बसलो होतो, तेव्हा एक शिंपी आणि त्यांची बायको मला घ्यायला आले. त्यांची एकुलती एक मुलगी शिकायला परदेशी निघाली होती आणि बॅगेचं वजन जास्त भरलं तर काय, या विचाराने दोघांची झोप उडाली होती. घरी या मुलीला सगळे ठमी म्हणत. मीही तेच म्हणतो. शिंप्याला बाबा आणि त्यांच्या बायकोला आई म्हणतो, कारण त्या घरात मी तेच ऐकत आलो.

बॅग थेट माझ्यावर ठेवली तर माझी तबकडी झाकून जाते. मग आकडा वाचणार कसा? म्हणून त्या घरात एक पद्धत पडली. ठमीने बॅग उचलून बाबांच्या हातात द्यायची, बाबांनी ती छातीशी धरून माझ्यावर उभं राहायचं, आईने चष्मा लावून खाली वाकायचं आणि आलेल्या आकड्यातून बाबांचे सत्तर वजा करायचे. उरलं ते बॅगेचं. आईने स्वतःचं वजन सांगायचं नाही असं ठरवलेलंच होतं. ठमी दर खेपेला कधी फुगून यायची, कधी वाळून. बाबांचं मात्र सत्तर म्हणजे सत्तर. लग्नात शिवलेली पँट मला अजून होते, असं ते आल्यागेल्याला सांगत. त्यामुळे बाबांना आधी रिकाम्या हाताने उभं करून बघावं, हे कोणाच्या डोक्यात कधी आलंच नाही.

माझे ते दिवस ऐटीचे होते. इमारतीत कोणाचंही पोर परदेशी निघालं की मला उसनं न्यायला माणूस हजर. "शिंप्यांचा काटा एकदम बरोबर दाखवतो," असं जिन्यात बोललेलं मी स्वतः ऐकलंय. पुढे ठमीचं तिकडेच लग्न झालं, मुलगी झाली, आणि तिचं येणं विरळ झालं. मधल्या काळात मी पलंगाखाली, जुन्या चपलांच्या शेजारी. माझी आठवण निघायची ती फक्त बॅग भरताना.

त्या घरात आणखी एक रीत होती आणि ती मला मुळीच आवडत नसे. वाईट बातमी माणूस पोचल्यावर सांगायची. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठमीला ती तिकडे उतरल्यावर कळलं. मावशी गेल्याचंही तसंच. ठमीही काही कमी नव्हती. तिची नोकरी गेली होती, हे तिने दुसरी लागल्यावर सांगितलं. सगळे एकमेकांना जपत होते आणि कोणालाच काही धड ठाऊक नव्हतं.

या खेपेला ठमी येण्याच्या आधीची गोष्ट. सकाळी आई भाजी आणायला गेली की बाबा मला हळूच पायाने बाहेर ओढत. उभे राहत, आकडा बघत आणि परत आत ढकलत. सत्तरवरून मी खाली यायला लागलो होतो. अडुसष्ट. मग सहासष्ट. मग त्रेसष्ट. मित्रांनो, मला वाटलं आपलीच स्प्रिंग सैल झाली. पण नाही. एक दिवस ते पलंगावर बसून फोनवर डॉक्टरांशी बोलत होते. तपासण्या लगेच करायच्यात हे माझ्या लक्षात आहे, म्हणाले. पण मुलगी येतेय, ती परत गेली की येतो. पलीकडून डॉक्टर बराच वेळ बोलत होते आणि बाबा नुसते हं हं करत होते.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. बाबांना काहीतरी झालंय हे घरात बाबा सोडून फक्त मला माहीत होतं. आणि माझी पंचाईत अशी, की बाबा दुसऱ्या कोणासमोर रिकाम्या हाताने माझ्यावर उभे राहिल्याशिवाय मला ते सांगता येत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, एवढा वाळलेला माणूस बायकोला दिसला नाही? अहो, हा माणूस शिंपी आहे. आई बाहेर गेली की ते मशीनवर बसत आणि स्वतःच्या पँटी कमरेत दाबून घेत, शर्टांच्या शिवणी आत घेत. कपडे अंगावर नेहमीसारखेच चोपून बसत. आई रोज बघत होती, म्हणून तिला दिसत नव्हतं. मी ठमीची वाट बघत बसलो. बऱ्याच वर्षांनी येणाऱ्या माणसाला तरी दिसेल, असं मला वाटलं होतं.

ठमी आली आणि घरात वारं शिरल्यासारखं झालं. ती एका जागी बूड टेकवीना. आज दातांचा डॉक्टर, उद्या बँक, परवा आत्या, मग काका, मग शाळेतल्या मैत्रिणी. प्रत्येकाकडे चहा आणि प्रत्येकाकडे 'अजून थांब की'. घरी यायची ती एका पायात चप्पल ठेवूनच. पहाटे उठून खोलीत येरझाऱ्या घालायची, लेकीला फोन लावायची, कपाटं उघडायची आणि काय हवंय हे विसरून बंद करायची. तिकडे असली की इकडचं आठवतं आणि इकडे आली की तिकडचं सुटत नाही, असं ती एकदा आईला म्हणाली. ते ऐकून मला तिची दया आली. पण रागही आला. बाबा तिच्यासमोर बसलेले असायचे आणि ती फोनमध्ये बघत त्यांच्याशी बोलायची. एकदा तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आता हिला हाड लागेल, असं मला वाटलं. तेवढ्यात दारावरची बेल वाजली आणि ती धावली.

निघायच्या आदल्या दुपारी बॅग भरायला घेतली. मला बाहेर काढलं, आईने पदराने पुसलं. चादरी, डबे, भांडी, नातीसाठी बाबांनी शिवलेले फ्रॉक, सगळं बॅगेत गेलं. ठमीने बॅग उचलून बाबांच्या हातात दिली. ते माझ्यावर उभे राहिले. ते बॅग सावरत डोलत होते, त्यामुळे माझा काटा एका जागी ठरेना.

आई वाकून म्हणाली, "पंच्याऐंशी. सत्तर वजा करा. पंधराच झालं की गं. तेवीस चालतं ना?"

मित्रांनो, बॅग बावीस किलोची होती. मी काचेच्या आत नुसता तडफडत होतो. बाबांनी तोंड उघडलं. सत्तर नाही, त्रेसष्ट वजा कर, एवढंच बोलायचं होतं. त्यांनी ओठ मिटले आणि म्हणाले, "पुरे की. विमानवाल्यांशी कशाला हुज्जत."

आई कसली ऐकते. आठ किलो जागा आहे म्हटल्यावर ती कपाटावर तुटून पडली. गोधडी आली, पातेलं आलं, आणखी दोन डबे आले. दरवेळी बाबा बॅग छातीशी धरून उभे राहिले. शेवटी मी त्र्याण्णव दाखवले, आणि आईने समाधानाने कुलूप लावलं. बाबा पलंगावर बसून धापा टाकत होते. ठमीने विचारलं तर म्हणाले, वय झालं आता. ती हसली आणि तिने त्यांना पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी आली. बॅग उचलताना ड्रायव्हर कुरकुरला की यात दगड भरलेत का. ठमी त्याला म्हणाली, वजन केलंय, बरोबर तेवीस आहे. ते खिडकीतून मला ऐकू आलं. मी खोलीच्या मधोमध तसाच पडलो होतो, मला आत सरकवायचं कोणाला सुचलं नव्हतं. ती गेली. झालं, आता डॉक्टर, तपासण्या, जे काही निघेल ते, सगळं ती पोचल्यावर तिच्या कानावर जाणार. मी आशा सोडली.

दुपारी फोन आला. आईने तो मोठ्या आवाजावर लावला. ठमी वैतागली होती. बॅग तीस किलो भरली होती, मागे रांग खोळंबली होती आणि ती जमिनीवर बसून सामान उपसत होती.

"तुमचा काटा बिघडलाय आई, चक्क सात किलो कमी दाखवतोय. फेकून दे तो," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

माझ्या अंगाची आग आग झाली. पण आईलाही ते लागलं असावं. जिन्यातली सगळी माणसं ज्याची तारीफ करतात तो आपला काटा बिघडेलच कसा, असं पुटपुटत ती स्वयंपाकघरात गेली आणि पिठाची न फोडलेली दहा किलोची पिशवी घेऊन आली. तिने ती माझ्या एका कडेला, आकडा दिसेल अशी ठेवली. मी दहा दाखवले. तिने पिशवी उचलली, पुन्हा ठेवली. मी पुन्हा दहा दाखवले.

आई वाकलेली तशीच राहिली. मग सरळ झाली आणि तिने बाबांकडे बघितलं. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते, पण पान काही उलटत नव्हतं.

ती कपाटाकडे गेली. त्यांची एक पँट काढली आणि कंबरपट्टा उलटा करून बघितला. आत चार बोटं कापड दुमडलेलं, बारीक टाक्यात शिवलेलं. दुसरी काढली, तीही तशीच. लग्नातलीही तशीच. ती पलंगावर बसली. कधीपासून, असं तिने विचारलं, तेव्हा बाबांनी पेपर खाली ठेवला आणि डॉक्टरांचं सगळं सांगितलं.

आईने फोन उचलला. बाबा उठून आले आणि त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"तिला विमानात बसू दे. पोचल्यावर सांगू."

आई घुटमळली. इतकी वर्षं तीही हेच करत आली होती. मी जमिनीवरून तिच्याकडे बघत होतो आणि माझ्यावर कोणी नसतानाही माझा काटा थरथरत होता. मग तिने त्यांचा हात बाजूला केला. तोही तिला हलका लागला असेल, कारण तिचे डोळे तेव्हा भरून आले.

"ठमे," ती म्हणाली, "काटा बरोबर आहे. बाबा कमी झालेत."

पलीकडून गर्दीचा आवाज येत होता. ठमीने एकच विचारलं, "किती?" आणि विचारता विचारताच ते तिला कळलं. बॅगेतून सात किलो काढायला ती जमिनीवर बसली होती. गोधडी तिच्या मांडीवर होती.

संध्याकाळी ती परत आली. बॅग दारातच सोडली आणि चप्पल दोन्ही पायांतली काढली. विमान चुकलं ना तुझं, असं बाबा अपराधी आवाजात म्हणाले. जाऊ दे, म्हणाली. तिने त्यांच्या दंडाला धरलं आणि त्यांना माझ्याजवळ आणलं. बाबा माझ्यावर उभे राहिले, हात मोकळे. ठमी त्यांच्या पायाशी खाली बसली आणि मी दाखवलेला आकडा तिने वाचला. कोणी काही वजा केलं नाही. मग तिने त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारली आणि मोठ्याने रडली, आणि बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

सकाळी तिघेही दवाखान्यात गेले. तिथे काय निघालं ते मला अजून माहीत नाही. ठमीने तिकीट पुढे ढकललंय आणि सध्या मी पलंगाखाली नसतो. भिंतीशी असतो, आणि बाबांना रोज उभं केलं जातं. ते कुरकुरतात, पण मी दिलासा देण्यासाठी एक पावशेरसुद्धा वाढवून दाखवत नाही.

मित्रांनो, तुमचंही कोणी दुरून येईल, किंवा मोठे होऊन तुम्हीच दुरून घरी याल. सगळ्यांना भेटा, चहा प्या, बॅगा भरा. माझं मागणं एवढंच, की बॅगेचं वजन वाचताना जरा मान वर करा आणि ती उचलून कोण उभं आहे ते बघा.