रेघ पुसते कधी?

सलमाचं गणित म्हणत होतं दोनशे ब्याऐंशी अंश, आणि प्रयोगशाळेतलं भांडं काही केल्या ऐकत नव्हतं! त्याच्या जाड काचेच्या खिडकीतून आतला द्रव आणि वाफ यांच्यामधली रेघ दिसायची. तापवत नेलं की एका क्षणी ती पुसून जायची. तोच क्रांतिक बिंदू. सोमवारी ती पुसली दोनशे पंच्याहत्तरला, बुधवारी दोनशे सत्तरला. हातानं फिरवायच्या गणकयंत्रावर सलमानं आकडे तीनदा तपासले होते.

"भांडं गळतंय," प्रयोगशाळेचे प्रमुख इंगवले सर म्हणाले. "हवेच्या साठ-सत्तर पट दाब उद्यमनगरच्या लेथवाल्याला झेपायचा नाही. शनिवारी शेवटचं बघू, नाहीतर मोडीत."

आता आली का पंचाईत! सलमाच्याच शब्दावर मीरासाब मिस्त्रीनं सहा महिने खपून ते पोलादी भांडं घडवलं होतं. त्याचं नाव बद्दू झालेलं तिला सोसणार नव्हतं.

निरोप मिळताच मीरासाब उचगावच्या घरून सायकल हाणत आला, तणतणतच. प्रत्येक बोल्टाला त्यानं साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा येईल तर शपथ! मग झाकण उघडून सवयीनं आत नाक खुपसलं. गळती आधी नाकाला कळते, असं त्याचं ठाम मत.

"पोरी, काय घातलंतंस ह्यात?"

"स्पिरिट आणि सिरक्यातलं आम्ल. का चाचा?"

"सिरका कमी झालाय की! गोड वास येतोय, पिकल्या फळाचा."

सलमानं वास घेतला आणि कपाळावर हात मारला. दोन्ही मिळून एस्टर हे वेगळंच द्रव्य झालं होतं, शिवाय पाणी! थंड असताना ही क्रिया महिनोन्महिने रेंगाळते, म्हणून तिनं ती हिशेबातच धरली नव्हती. पण तापल्यावर ती झपाट्यानं होते, आणि पोलाद तडकू नये म्हणून भांडं सावकाश तापवायची मीरासाबची ताकीद होती. बुधवारी तर जास्तच वेळ घेतला होता. तेवढ्यात आतलं मिश्रणच बदलून जायचं.

मग प्रत्येक अंशाला आत नक्की असतं तरी काय? तिला दुसरं काही सुचेना. आधी किती बदललं ते काढायचं, मग त्या मिश्रणाचा बिंदू, आणि त्या अंशाला किती बदलेल ते पुन्हा पहिल्यापासून, आकडा जुळेपर्यंत. दोन दिवसांनी आकडा आला: दोनशे सहासष्ट.

शनिवारी मीरासाबलाही बोलावलं, भांडं दोन तास गरम ठेवलं, बदल पुरता होऊ दिला, मग तापमान चढवलं. दोनशे सहासष्टला रेघ धुरकटली आणि गेली.

"भांडं चांगलंच होतं सर," सलमा सगळ्यांसमोर म्हणाली. "चूक माझी."

इंगवले सर मीरासाबकडे वळले. "मिस्त्री, मीही चुकलो."

मीरासाबचं लक्षच नव्हतं. आजवर त्याला खिडकीतून कुणी बघू दिलं नव्हतं. आता तो तिथून हलायला तयार नव्हता.

"ते राहू द्या की सर! जरा थंड करा, मला परत बघायचंय."