शनिवारचं उरलेलं तेल

पिंजरा म्हटलं, की मित्रांनो, तुम्हाला पोपट आठवतो. मी तसला नव्हे. मी बेलापूरच्या शिवारातला, बिबट्या धरायचा जुना लोखंडी पिंजरा आहे. अंगठ्याएवढ्या जाड सळ्या, तळाला फळ्या आणि पुढं वरून खाली पडणारं दार. मागच्या कप्प्यात शेळी बांधायची. बिबट्या आत आला, त्याचा पाय मागच्या पाटीवर पडला, की खटका सुटून दार खाली. एवढंच माझं काम.

उसाच्या कडेला उभा राहून मी सात बिबटे धरले. एकालाही ओरखडा येऊ दिला नाही. सगळे दूरच्या रानात सुखरूप गेले. तेव्हा बायाबापड्यांनी माझ्या सळ्यांना हळदकुंकू लावलं होतं. पुढं हलके, चाकांचे पिंजरे आले आणि मी मारुतीच्या देवळामागं पडून राहिलो. दाराच्या खाचा गंजल्या. दार वर अडकलं ते अडकलंच. माझ्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. त्याचं काही नाही. पण उद्या वेळ आली तर आपलं दार पडणार नाही, हे मला फार लागे.

गावातल्या भामाबाईंचा शनिवारचा नेम होता. दिवसभर उपवास आणि ऊन कललं की मारुतीला तेल. वाटीत उरलेलं तेल घरी न्यायचं नाही, अशी त्यांची रीत. ते तेल त्या माझ्या दाराच्या दोन्ही खाचांत सोडत. "तूबी राखणदारच हायेस की," एवढंच हळू म्हणत. चार वर्षांत एक शनिवार चुकला नाही. मग मीही मनाशी नेम धरला. एकदा तरी दार खाली पाडायचं.

गेल्या माघात त्यांचा नातू चेतन सिनेमा काढायला लागला. भुताचा, पण हसायचा. एक हडळ माणसांना पिंजऱ्यात कोंडते आणि एकेकाची शिकार करते, अशी गोष्ट. हडळ झाला होता त्याचा मित्र फैयाज. अंगात नऊवारी, तोंडाला पीठ. मावसबहीण वृषाली नायिका. चेतनचा मोबाईल समोर तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर, बाकीच्यांचे देवळाच्या पायरीवर.

"आज्जे, आज तेल नको. गंज लई झ्याक दिसतोय," चेतन म्हणाला.

"तुजं चित्र तुज्यापाशी. माजा नेम हाय." भामाबाईंनी वाटी तिरकी केलीच.

"पिंजऱ्याला साडेसाती लागलीय का, आजी?" फैयाजनं विचारलं.

"तुला लागलीय. आधी पदर नीट घे. हडळीलाबी लाज असती."

एवढ्यात ऊस हलला. वृषालीनं विचारलं, "चेतन, उसात आपलं कोण हाय?"

"कुनी न्हाई."

उसातून बिबट्या बाहेर आला. खरा.

"पळू नका," भामाबाई नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या. "पाठ दावू नका. मागं सरकत पिंजऱ्यात चला."

चौघंही आत आली. बिबट्या दहा पावलांवर. चेतन दाराला लोंबकळला. "आज्जे, दार पडंना!"

"लोंबकळून काय व्हतंय? मागची पाटी दाबा."

मागं सरकता सरकता फैयाजचा पाय साडीत अडकला आणि तो पाटीवर बदकन बसला. खटका सुटला. दार वीतभर खाली आलं आणि थांबलं.

बिबट्या झेपेसाठी दबला. मित्रांनो, सात बिबटे आत घेणारा मी. आज एकाला बाहेर ठेवायचं होतं. नुकतंच सोडलेलं तेल खाचेतून उतरत होतं. भामाबाईंनी सळीवर तळवा ठेवला. "पड बाबा."

मी सारा जोर लावला. गंज करकरला, आणि मी पडलो. बिबट्याचं नाक सळीपासून चार बोटांवर होतं.

मग तो समोरच बसला, तिकीट काढून आल्यासारखा. फैयाज भामाबाईंना बिलगला. "आजी, मला भ्या वाटतंय."

"अरं, लोकांनी तुला भ्यायचं ना?"

"फैयाज, मोबाईल चालू हाय," चेतन कुजबुजला. "जरा हडळीसारखा वरड."

"तू वरड. सिनेमा तुजा हाय."

बऱ्याच वेळानं शेजारचे सहादू ट्रॅक्टर घेऊन आले. आवाजानं बिबट्या उसात शिरला. सहादूंनी दार उचललं. आतून पहिली निघाली हडळ. त्यांनी दार तसंच सोडलं आणि उडी मारून ट्रॅक्टर गाठला. मी पुन्हा पडलो. या खेपेला कुठंही अडकलो नाही.

पुढच्या शनिवारी चेतन स्वतः वाटी घेऊन आला.

"आधी मारुतीला," भामाबाई म्हणाल्या. "उरलं की मग याला."

"याच्यासाठी येगळं आनलंय, आज्जे."

मित्रांनो, तुमच्याही घरामागं रोज लागत नाही म्हणून टाकलेलं काहीतरी असेल. एखादी कडी, एखादा रहाट. त्याला पूजा नको, कौतुक नको. आठवड्याला थेंबभर तेल द्या आणि हात फिरवा. वेळ आली की ते आपलं काम करील.

माझं दार आता वर उचललेलं आहे. आज शनिवार, आणि ऊन कलतं आहे.