खाणीतल्या पिवळ्या पिशव्या

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सगळे त्याला कंपाउंडरच म्हणत. इस्पितळाच्या औषधभांडारात एकतीस वर्षं काढून तो बाहेर पडला, तेव्हा त्याने आणि बायकोने शहरापासून तासाभराच्या अंतरावर जमिनीचा एक तुकडा घेतला. तुकड्याच्या मागच्या टोकाला दगडाची बंद पडलेली खाण होती, दोन पुरुष खोल. त्या खड्ड्यापायी जमीन कुणी घेत नव्हतं, म्हणून ती या दोघांच्या हाती लागली. त्यांनी दोन खोल्या बांधल्या, विहिरीतला गाळ काढून घेतला, लिंबाची चाळीस झाडं लावली. "जन्मभर फिनेलचा वास घेतलात, आता जरा पानांचा घ्या," बायको म्हणायची.

एका सोमवारी सकाळी तो मागचं कुंपण बघायला गेला आणि खाणीच्या काठावरच थबकला. खाली पिवळ्या पिशव्यांचा ढीग पडला होता. शंभरेक तरी असतील. काही फुटल्या होत्या आणि त्यांतून रक्ताळलेला कापूस, सलाइनच्या नळ्या, वापरलेले हातमोजे बाहेर लोंबत होते. कुंपणाच्या तारा कापून बाजूला नीट गुंडाळून ठेवल्या होत्या. मातीत टेंपोच्या चाकांचे चर उमटले होते.

दुसऱ्या कुणाला ते काय आहे हे कळायला वेळ लागला असता. कंपाउंडरला एका नजरेत कळलं. अशा पिशव्या भट्टीत जाळायच्या असतात. त्या गेल्याची नोंद त्याने स्वतः वर्षानुवर्षं केली होती.

तो जपून खाली उतरला आणि काठीने एक पिशवी पालथी केली. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या होत्या, हिच्या गळ्याशी तेवढी राहून गेली होती: वॉर्डाचा क्रमांक, तारीख, सही. सही ओळखीची होती. शेवटचं अक्षर शेपटीसारखं खाली ओढलेलं. या शेपटीवरून त्याने त्या माणसाची कितीदा तरी चेष्टा केली होती. ती धाकट्याची सही होती.

भांडारात ते दोघंच असत, म्हणून लोक एकाला थोरला म्हणत आणि दुसऱ्याला धाकटा. धाकटा आला तेव्हा त्याला गोळी आणि कॅप्सूल यातला फरक सांगावा लागला होता. आता चाळिशी ओलांडून तो थोरल्याच्या खुर्चीवर बसला होता. कंपाउंडरला मूलबाळ नव्हतं. धाकट्याला वडील नव्हते. त्याच्या लग्नात वडिलांच्या जागी कंपाउंडरच उभा राहिला होता.

त्याने चिठ्ठी सोडवली, घडी घातली आणि खिशात टाकली.

दुपारी तो तक्रार द्यायला गेला. आरोग्य खात्याचा निरीक्षक तरुण होता, बोलायला सरळ होता. त्याने सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "पिशव्यांवर काही नाव, चिठ्ठी, शिक्का?"

"नाही," कंपाउंडर म्हणाला. शब्द तोंडातून गेला आणि मग त्यालाच त्याचं नवल वाटलं.

"मग अवघड आहे, काका. टाकणारा सापडला नाही तर जागा ज्याची, कचरा त्याचा. नोटीस तुमच्या नावाने निघेल. पंधरा दिवसांत जागा साफ झाली पाहिजे."

"म्हणजे घाण कुणीतरी टाकायची आणि झाडू मी मारायचा?"

"झाडू तर अजिबात मारू नका. हात लावू नका. परवाना असलेली माणसंच ते उचलू शकतात." निरीक्षक ओशाळल्यासारखा हसला. "कायदा काही मी केलेला नाही."

घरी येऊन त्याने बायकोला नोटिशीचं सांगितलं. चिठ्ठीचं सांगितलं नाही.

बुधवारी तो इस्पितळात गेला. भांडार होतं तसंच होतं. तीच पत्र्याची कपाटं, तोच कुरकुरणारा पंखा, तोच स्पिरिटचा वास. धाकट्याने त्याला बघून खुर्ची पुढे केली. कंपाउंडर बसला नाही. त्याने चिठ्ठी टेबलावर ठेवली.

धाकट्याचा चेहरा उतरला. "कुठे मिळाली?"

"माझ्या खाणीत. जिच्या गळ्यात होती, त्या पिशवीच्या शंभर बहिणी आहेत तिथे."

"थोरले, आईशपथ, टेंपो तुमच्या जागेत रिकामा होतो हे मला ठाऊक नव्हतं."

"दुसऱ्या कुणाची असती तर चाललं असतं का रे?"

धाकट्याने दार लोटून घेतलं. भट्टी चार महिने बंद आहे, तो हळूच म्हणाला. ठेकेदार रोज टेंपो आणतो, पिशव्या नेतो, भट्टीत गेल्याचा कागद देतो. कागद खोटा आहे हे वरच्यांनाही माहीत आहे. "मी विचारलं एकदा. तर म्हणाले, तुला सही करायला ठेवलंय, विचारायला नाही. माझी नोकरी गेली तर मुली कुठे जातील? आठ दिवस द्या मला. ठेकेदाराला सांगून सगळं उचलून न्यायला लावतो. तुमच्या जमिनीवर कापसाचा बोळासुद्धा राहणार नाही."

"आणि नेऊन कुठे टाकणार?"

 कंपाउंडरला उत्तर नको होतं. त्याने चिठ्ठी परत खिशात घातली आणि म्हणाला, "आठ दिवस. नववा नाही."

त्या आठ दिवसांत कुणी काही उचलून नेलं नाही. उलट शुक्रवारी तो आणि बायको बाजाराला गेले असताना आणखी एक टेंपो रिकामा झाला. धाकटा फोनवर म्हणाला, निरोप पोचला नसेल, बोलतो. मग त्याने फोन उचलणंच सोडलं. खात्याचा माणूस खाणीच्या काठावरून बघून गेला आणि दारावर नोटीस चिकटली. बायको रोज विचारायची, "अहो, पुढे काय?" आणि तो रोज म्हणायचा, "चौकशी चालू आहे." तो असा गप्प गप्प का राहतो हे तिला कळत नव्हतं. माणूस नोटिशीने खचला, अशी तिने समजूत करून घेतली.

पुढच्या गुरुवारी, म्हणजे आठवा दिवस भरल्यावर, ती त्याला पाण्याचा पेला देत होती. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पट्टी होती.

"हे काय?"

"काही नाही. लिंबाचा काटा लागला."

"कधी?"

"झाले की चार दिवस."

त्याने पट्टी सोडली. बोटाच्या पेरावर एकच बारीक, गोल टिंब होतं. आयुष्यभर त्याने काट्याच्याही जखमा पाहिल्या होत्या आणि सुईच्याही. तो उठला आणि खाणीकडे चालू लागला. ती मागून हाका मारत राहिली.

खाणीत अर्ध्या पिशव्या भिंतीशी एकावर एक रचून ठेवल्या होत्या, सुबक, तिच्या कपाटातल्या चादरींसारख्या. शेजारी खराटा टेकवलेला होता. दगडावर भांडी घासायचे रबरी हातमोजे वाळत पडले होते. उजव्याच्या मधल्या बोटाला भोक होतं.

ती धापा टाकत काठावर आली. "नोटिशीचे पाचच दिवस उरलेत. तुम्ही जागचे हलेनात. म्हटलं, तुम्ही रविवारी पंपाच्या दुरुस्तीला गेलात तेवढ्यात आवरून ठेवावं, मग उचलणाऱ्याला सोपं पडेल. एक सुई टोचली जराशी. तुम्हाला उगाच घोर नको म्हणून बोलले नाही."

कंपाउंडरने बोटांवर तास मोजले. सुई टोचल्यावर एड्स टाळायचं औषध बहात्तर तासांच्या आत सुरू करावं लागतं. नंतर ते देण्यात अर्थ उरत नाही. नव्याने येणाऱ्या प्रत्येक परिचारिकेकडून त्याने हे घोकून घेतलं होतं. आणि त्याची स्वतःची बायको शहाण्णव तास बोटाला चिंधी बांधून हिंडत होती.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आता वाट बघायची, दीड महिन्याने एक तपासणी, तीन महिन्यांनी दुसरी.

तिला घरच्या बसमध्ये बसवून तिथूनच तो निरीक्षकाकडे गेला आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. निरीक्षकाने तारीख वाचली, मग त्याच्याकडे बघितलं. "ही तुम्हाला आज सापडली?"

"पहिल्याच दिवशी."

निरीक्षकाने जे ऐकलं तेच लिहिलं.

त्यानंतर चक्रं भराभर फिरली. खाणीचा पंचनामा झाला, इस्पितळात झडती झाली. धाकटा निलंबित झाला. वरच्यांपैकी एकाची बदली झाली, आणि तीही बढतीवर. ठेकेदाराने दंड भरला आणि महिन्याभरात तोच टेंपो नवा रंग, नवं नाव लावून रस्त्यावर आला. पिशव्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. खटल्याचा पुरावा म्हणून खाणीभोवती फीत बांधली गेली. निकाल लागेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. विहिरीचं पाणी तपासून ती बंद केली. लिंबांची पानं आधी पिवळी पडली, मग गळली.

या सगळ्यात एका दुपारी बायको म्हणाली, "एक विचारू? चिठ्ठीवर सही आहे म्हणतात. एवढ्या रक्तामातीत ती वाचण्याजोगी कशी राहिली?"

त्याने सांगितलं. खिसा, धाकटा, आठ दिवस, सगळं. काही झाकलं नाही.

 ती म्हणाली, "काटा लागला म्हणून मी खोटं बोलले, ते तुमच्यासाठी. तुम्ही कुणासाठी बोललात?"

"त्याच्यासाठी," तो म्हणाला. पण तेही पुरतं खरं नव्हतं, म्हणून पुढे म्हणाला, "माझ्यासाठीपण. मीच घडवलेला माणूस असा निघाला, हे चारचौघांत यायला नको होतं."

ती रडली नाही, भांडली नाही. तिने आपलं अंथरूण उचललं आणि दुसऱ्या खोलीत नेलं. त्या दिवसापासून बोलणं कामापुरतं उरलं. पाणी आलं का, गॅस संपलाय, उद्या दवाखाना.

दीड महिन्याच्या तपासणीत काही निघालं नव्हतं. तीन महिन्यांच्या तपासणीचा अहवाल घ्यायला दोघं शहरात गेले. दवाखान्याच्या बाकावर तिने पाकीट त्याच्या हातात दिलं. "मला ते बारीक इंग्रजी कळत नाही. वाचा. सगळं वाचा."

त्याने ओळ न् ओळ वाचली. ज्याची सगळ्यात जास्त धास्ती होती ते नव्हतं. यकृत पोखरणारा एक विषाणू मात्र रक्तात आला होता. तीन महिन्यांच्या गोळ्या असतात, बहुतेक जण बरे होतात, तो म्हणाला. 

"बहुतेक," ती म्हणाली. "कधीपासून घ्यायच्या?"

"आजपासून."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. शेजारची जागा रिकामी होती. तो दांडी धरून घुटमळत उभा राहिला. दोन थांबे गेले. मग ती बाहेर बघतच म्हणाली, "बसा आता. उभं राहून काय होणार आहे?"

तो बसला. गोळ्यांची पिशवी तिने दोघांच्या मध्ये ठेवली.